वेताळ कुणाला शोभतो?

शाळेच्या ग्रुपवर गेल्या रविवारी मी एवढंच लिहिलं होतं, की 'अँटलर्स' पुन्हा पाहिला आणि पाहताना सारखी वेताळ टेकडी आठवत होती. असा एखादा सिनेमा मराठीत, पुण्यात घडणारा, कुणीतरी करायला हवा. त्यावर वर्गातल्या एकाचं उत्तर आलं: "जंगलातल्या राक्षसाचे सिनेमे अमेरिकेला शोभतात. दाभोलकरांच्या पुण्यात असली थेरं नकोत. आणि मुळात आपल्याकडे जंगल आहेच कुठं?" खाली अंगठ्यांची रांग लागली. तीन दिवस झाले. इथं अमेरिकेत, ओरेगनमध्ये, डिशवॉशर लावताना, हायवे २६ वर गाडी चालवताना, मीटिंगमध्ये म्यूटवर बसून मी त्या तीन वाक्यांना उत्तरं देते आहे. आता एकदाच सगळं लिहून काढते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२१ चा भयपट, दिग्दर्शक स्कॉट कूपर. 'अँटलर्स' म्हणजे शिंगं. ओरेगनमधलं एक कल्पित गाव, सिस्पस फॉल्स. खाणी बंद पडलेल्या, हाताला काम नाही, घराघरांत नशा. एक मुलगा रोज शाळेत येतो, गप्प बसतो, भयंकर चित्रं काढतो. घरी त्यानं बापाला आणि धाकट्या भावाला खोलीत कोंडून ठेवलंय आणि रानातून जनावरं आणून तो त्यांना खायला घालतोय. बापाला बंद खाणीत काहीतरी झपाटून गेलंय. त्याचं नाव वेंडिगो. कॅनडा आणि पंचमहासरोवरांच्या प्रदेशातल्या क्री, ओजिब्वे लोकांच्या कथांतला हा राक्षस आहे. हिवाळ्यातली उपासमार, माणसानं माणूस खाणं, आणि जितकं खावं तितकी वाढत जाणारी भूक, असं त्याचं रूप. सिनेमात ती भूक बापाची आहे तशीच गावाचीही आहे. डोंगर पोखरला, पोखरून झाल्यावर टाकून दिला, आणि त्या भोकातून जे बाहेर आलं ते पोराच्या वाट्याला आलं. यात थेरं कुठं आहेत?

दाभोलकरांचं नाव मात्र मला लागलं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या तेव्हा इथं १९ तारखेची संध्याकाळ होती. मी फ्रेड मायरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बातमी वाचली आणि सामान न घेताच घरी आले. ज्या पुलावर हे झालं तो माझ्या रोजच्या कॉलेजच्या वाटेवरचा. त्याच वर्षी जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. तो कायदा भूत काढण्याच्या नावाखाली बाईला मारणाऱ्याला, नरबळी देणाऱ्याला, चमत्काराच्या नावानं लुबाडणाऱ्याला धरतो. गोष्ट सांगणाऱ्याला धरत नाही. ज्यांनी आयुष्यभर माणसांच्या डोक्यातली भीती मोकळी केली, त्यांच्या नावानं माणसांना भीतीची गोष्ट सांगायला बंदी करायची, हे मला पटत नाही. भयकथा लिहिणारे नारायण धारप पुण्याचेच होते. त्यांची पुस्तकं वाचनालयातून आणून आमच्या पिढीनं पांघरुणात वाचली, आणि म्हणून काही आमच्यापैकी कुणी मांत्रिकाकडे गेलं नाही.

शिवाय पुण्याला भुतांचं वावडं आहे हे खरंच नाही. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा. "काका, मला वाचवा" ही हाक शनिवारवाड्यात पौर्णिमेला ऐकू येते, हे प्रत्येक पुणेकर पाहुण्याला हौसेनं सांगतो. माझा हा मित्रही सांगतो, मी ऐकलंय. म्हणजे वाड्यातलं भूत चालतं. ते आपलं, इतिहासातलं, जरीच्या अंगरख्यातलं. रानातलं, शेंदूर फासलेलं, कोंबडं मागणारं चालत नाही. ही निवड विवेकाची आहे की घराण्याची, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

कोसंबींनी हा विचार केला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती, पक्के मार्क्सवादी, देवाधर्माच्या जवळपासही नसलेले. पण पुण्याच्या याच टेकड्यांवरून ते पायी फिरत, दगडी हत्यारांचे बारीक तुकडे गोळा करत, आणि वेताळ, म्हसोबा, वाटेवरच्या आया यांच्याकडे जुना दस्तऐवज वाचावा तसं पाहत. इथं आधी कोण राहत होतं, कुठल्या वाटेनं गुरं जात होती, हे त्यांना त्या शेंदरातून कळत होतं. अंधश्रद्धेचं नाव काढून आपण वेताळाला पुसतो तेव्हा त्याच्यासोबत ते लोकही पुसले जातात.

आता तिसरं वाक्य. जंगल आहेच कुठं!

अरे, तुझ्या गच्चीवरून दिसतं. माथ्यावर वेताळाचं देऊळ, खाली खाणीत साठलेलं पाणी, मोर, गवत, उन्हाळ्यात पेटणारा वणवा. आठवीत आपण सगळे सायकली खाली लावून तिथं चढायचो. माझी आजी सांगायची, तिन्हीसांजा व्हायच्या आत खाली यायचं, चकवा लागतो, ओळखीची वाट गोल फिरवते. त्याच टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचा घाट महापालिकेनं घातला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध पुणेकर मोर्चानं उतरले, तेव्हा हाच मित्र ग्रुपवर म्हणाला होता की रस्ता झाला तर माझी वीस मिनिटं वाचतील. वीस मिनिटांसाठी जे दिलं तरी चालेल, ते त्याच्या हिशेबात जंगल नाहीच. मग तो म्हणतो ते बरोबरच ठरतं.

आणि राक्षस? सिनेमातल्या त्या शिंगांकडे पाहताना मला दुसरीच शिंगं दिसत होती. ९ डिसेंबर २०२०, कोथरूड, महात्मा सोसायटी. सकाळी एक रानगवा इमारतींच्या मधे उभा होता. बातमी पसरली, गर्दी जमली, मोबाइल वर झाले. तो घाबरून धावत राहिला, धडकला, तोंडातून रक्त यायला लागलं. काही तास हे चाललं, मग भुलीचं इंजेक्शन, जाळी, दोर, आणि तो मेला. मी इथं लॅपटॉपवर ते व्हिडिओ पाहिले. आमच्या नेहमीच्या रस्त्यावरून शेकडो पायांचा आवाज येत होता आणि त्या सगळ्यांच्या पुढं एक प्रचंड काळं जनावर जीव घेऊन पळत होतं. सिनेमा करायचा तर इथूनच सुरू होईल. एक जनावर सोसायटीत मरतं आणि त्या हिवाळ्यात टेकडीवरून काहीतरी खाली उतरतं, ज्यांनी ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांच्या दारात उभं राहतं. मला हे लिहितानाही काटा येतो. हे पुण्याला शोभत नाही?

कोलंबिया नदीच्या पलीकडे स्कमेनिया काउंटी आहे, आम्ही धबधबे पाहायला जातो तिथून दिसते. तिनं १९६९ साली ठराव करून बिगफूटला, म्हणजे इकडच्या रानातल्या दंतकथेतल्या केसाळ, अवाढव्य माणसाला, मारणं गुन्हा ठरवलं. दहा हजार डॉलर दंड आणि पाच वर्षं कैद! असलं कुणी प्राणी आहे की नाही याचा पत्ता नाही, पण त्याच्या मागे बंदुका घेऊन रानात शिरणाऱ्यांना वेळीच थांबवलं. आपल्याकडे खराखुरा, हाडामांसाचा गवा दारात आला आणि त्याला पाहायला आपण त्याचा जीव घेतला. मी हे ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं: "तू तिथं बसून आम्हाला शिकवू नकोस. टेकडी एवढी प्रिय होती तर गेलीस कशाला?"

त्याला मी काही लिहिलं नाही.

लिहायचं तर खरं लिहावं लागेल. मी चौदा वर्षं हिल्सबरोत राहते. टिलामूकचं जंगल पाऊण तासावर, डग्लस फरची झाडं अशी की मान मोडते, दुपारी तीनलाही खाली अंधार. आम्ही दर दोन आठवड्यांनी जातो. आणि मला तिथं कधीही, एकदाही, भीती वाटलेली नाही. ट्रेलहेडवर नकाशा असतो, अस्वलाबद्दलची पाटी असते, तीच काय ती काळजी. तिथं मला चकवा लागत नाही. ज्या रानानं मला लहानपणी कुणाची भीती घातली नाही, ते मला चकवणार तरी कशाला? इथलं हॅलोवीन मी मनापासून करते, मुलीला पोशाख शिवून देते, पण 'अँटलर्स' पाहताना अंगावर काटा येतो तो वेताळ आठवतो म्हणून. मला मराठीत घाबरायचं आहे. त्यासाठी एक सिनेमा मागितला, तर तो देशाबाहेरच्या बाईचा आगाऊपणा ठरला.

'अँटलर्स'नंही एक चूक केली आहे. सिनेमात ओरेगन म्हणून दिसतं ते रान बरंचसं कॅनडातलं, आणि वेंडिगो इकडच्या लोकांचा नाही. या खोऱ्यातल्या कालापुया लोकांचा स्वतःचा शिंगवाला राक्षस आहे, आमहुलुक. डोंगरातल्या तळ्यात राहणारा. त्याची गोष्ट एकोणिसाव्या शतकात लिहून घेतलेली आहे. तीन भावंडं कंद खणायला जातात. जमिनीतून सुंदर शिंगं वर येतात. मुलांना वाटतं, यांची खणायला छान हत्यारं होतील. शिंगं दोघांना उचलून नेतात, थोरला घरी पळून येतो. बाप तळ्याकाठी जातो, हातांनी खुणा करतो. धुक्यात मुलं त्याला दिसतात, उत्तरही देतात. म्हणतात, आमची शरीरं आता बदलली. बाप पाच दिवस तिथंच थांबून राहतो.

ही गोष्ट वाचली त्या रात्री मी झोपले नाही.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले होते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, रोज सकाळी अजून टेकडी चढतात. मी संध्याकाळी एकटीच गेले, मुद्दाम. देवळापाशी बसले, खाणीतल्या पाण्यावर उजेड संपेपर्यंत थांबले. मग उतरताना वाट चुकले. पन्नास वेळा तुडवलेली वाट, आणि त्याच दगडापाशी मी दुसऱ्यांदा आले. छातीत धडधडायला लागलं, आणि त्या धडधडीत मला इतकं बरं वाटत होतं की रडू आलं. खालून बॅटरीचा उजेड हलला. बाबा शोधायला आले होते. त्यांनी माझ्या घरच्या नावानं हाक मारली, दोनदा, तीनदा.

मी जोरात ओरडले, "कमिंग!"

बॅटरी थांबली. क्षणभर त्यांना कळलंच नाही, वर कोण आहे ते. मग त्यांनी पुन्हा हाक मारली.