एआय लाच घेत नाही, मान्य. पण टेंडर कोण काढतं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्ट या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरते आहे. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: "अल्बेनियाने एआयला मंत्री केलं आणि भ्रष्टाचार शून्यावर आणला. आपल्याकडेही तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत एआय बसवा. तो लाच मागत नाही, जात-धर्म बघत नाही, चुकत नाही, पगार मागत नाही. विरोध करणारे तेच आहेत, ज्यांनी कॉम्प्युटरलाही विरोध केला होता."

खाली अंगठ्यांची रांग असते, आणि ती का असते ते कळतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेल्यावर तिसऱ्यांदा "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकलेल्या माणसाला खुर्चीत कोणीही चालेल, यंत्र तर धावेल. राग खराच आहे. सुचवलेला उपाय मात्र एकेक करून तपासायला हवा.

"तो लाच मागत नाही."

आधी अल्बेनियाचंच बघू, कारण ती अर्धी गोष्ट खरी आहे. पंतप्रधान एदी रामा यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये 'डिएला' नावाची एआय मंत्री जाहीर केली: पारंपरिक अल्बेनियन पोशाखातली, पडद्यावर बोलणारी एक बाई. त्याआधी ती तिथल्या ई-अल्बेनिया पोर्टलवर लोकांना कागदपत्रं मिळवायला मदत करायची. सरकारी टेंडरं हळूहळू तिच्याकडे जातील आणि ती शंभर टक्के भ्रष्टाचारमुक्त होतील, असं रामा म्हणाले. 'होतील' म्हणाले. 'झाली' हे पोस्ट लिहिणाऱ्याने पदरचं घातलं.

पुढचा भाग पोस्टमध्ये नाही. डिएला तयार केली ती अक्शी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेने. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच संस्थेच्या संचालक आणि उपसंचालकांना नजरकैदेत ठेवण्यात आलं. भ्रष्टाचाराची प्रकरणं हाताळणाऱ्या 'स्पाक' या विशेष अभियोक्ता कार्यालयाचा त्यांच्यावरचा आरोप टेंडरांमधल्या हेराफेरीचा आहे. हा आरोप आहे, निकाल नव्हे. तरी पोस्टवाल्यांनी थोडं थांबावं, एवढं त्यात नक्की आहे.

आणि आरोप खोटा ठरला तरी मुद्दा राहतोच. टेंडरमधला खेळ बोली उघडण्याच्या दिवशी फारसा होत नाही, तो आधीच होऊन गेलेला असतो. अनुभवाची अट किती वर्षांची, उलाढालीची अट किती कोटींची, मशीनचं वर्णन अशा शब्दांत की ते एकाच कंपनीला बसावं. ई-निविदेच्या मर्यादेखाली राहावं म्हणून एकाच रस्त्याचे तुकडे. जिल्हा परिषदेत चार दिवस काढलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. या अटींवर बोलीदारांना गुण द्यायला एआय बसवलं तर ते निमूटपणे, अगदी प्रामाणिकपणे, ठरलेल्याच माणसाला पहिला नंबर देईल. निकालावर 'संगणकीय' असा शिक्का बसेल, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याची बाजू आणखी पडती. शिवाय ते एआयही कुठल्यातरी टेंडरमधूनच विकत घेतलेलं असणार. खिडकीवरचे दोनशे रुपये बंद होतील कदाचित, पण व्यवहार खिडकीवरून उठून यंत्रणा पुरवणाऱ्याच्या आणि अटी लिहिणाऱ्याच्या टेबलावर जाईल. तिथे अर्जदार पोचतच नाही.

"जात-धर्म बघत नाही."

नेदरलँड्स हा काही गलथान कारभाराचा देश नव्हे. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. गैरव्यवहार पकडायला कर खात्याने २०१३ पासून स्वतः शिकत जाणारी संगणकीय पद्धत वापरली. ती प्रत्येक अर्जाला जोखमीचे गुण द्यायची. अर्जदार डच नागरिक नाही, हाही तिच्या गणितात जोखीम वाढवणारा घटक होता. संशयात सापडलेल्यांकडून, एखादी सही राहिली किंवा किरकोळ रक्कम भरायची राहिली एवढ्यावरून, सगळा भत्ता परत मागितला गेला. हजारो युरोंची ही वसुली होती. वीस हजारांहून जास्त कुटुंबं कर्जात बुडाली. त्यात स्थलांतरित घराण्यांतली माणसं फार होती. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या सरकारने या प्रकरणावरून राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने कर खात्यालाच २७.५ लाख युरोंचा दंड केला.

यंत्राला धर्म कळत नाही हे खरं. पण आडनाव, पिनकोड, जन्मस्थळ हे सगळं त्याला दिलेलं असतं, आणि आपल्याकडे आडनाव कळल्यावर कळायचं काय उरतं?

लांब जायला नको, शेजारच्या तेलंगणात बघू. तिथे 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून कोण गरीब आणि कोण नाही ते ठरवते. एका विधवा बाईला रेशन नाकारलं गेलं, कारण तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव एका गाडीमालकाच्या नावाशी मिळतंजुळतं निघालं. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांची प्रत्यक्ष पडताळणी करायला लावली. त्यासाठी आलेल्या अर्जांपैकी जुलै २०२२ पर्यंत २,०५,७३४ तपासून झाले आणि त्यांतले १५,४७१ अर्जदार पात्र ठरले, म्हणजे शंभरात सातांहून जास्त. ज्यांनी अर्जच केला नाही ते या हिशोबात नाहीत.

आता हीच जुळवाजुळव महाराष्ट्रात करून बघा. बाईचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आडनाव आधी, रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव आणि तिचं नुसतं पहिलं. सुनीता कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. इंग्रजी स्पेलिंगचे आणखी तीन प्रकार. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत बहुतेक एकच असतं. म्हणजे नावं जुळवणारं यंत्र कोणाच्या बाबतीत जास्त अडखळणार हे आधीच ठरलेलं आहे, आणि त्यासाठी कोणी वाईट हेतू बाळगायचीही गरज नाही.

"चुकत नाही."

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये बेरोजगार भत्त्यातली लबाडी शोधायला 'मिडास' नावाची यंत्रणा बसवली. ऑगस्ट २०१५ पर्यंत तिने सुमारे ४० हजार लोकांना लबाड ठरवलं. दंड मूळ रकमेच्या चौपट. पगारातून परस्पर कापून घेतला, कराचा परतावा जप्त केला. नंतर राज्याने स्वतःच, निव्वळ यंत्राने ठरवलेली २२,४२७ प्रकरणं पुन्हा तपासली. ९३ टक्के चुकीची निघाली.

इतकं भिकार यंत्र आपण घेणार नाही, असं म्हणू. ९९ टक्के अचूक घेऊ. 'लाडकी बहीण'च्या लाभार्थी जुलै २०२५ मध्ये साधारण सव्वादोन कोटी होत्या. एक टक्का चूक म्हणजे सव्वादोन लाख बायका, एखाद्या मध्यम शहराएवढ्या. टक्क्यांत जे नगण्य दिसतं ते तहसील कार्यालयाबाहेर रांग लावून उभं राहतं.

याच योजनेत जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं होतं की माहिती तंत्रज्ञान विभागाच्या छाननीत सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसतात, जूनपासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होईल. हे एआय नव्हतं, वेगवेगळ्या याद्यांची पडताळणी होती. छाननी नको होती असंही नाही. पुरुषांच्या नावावर हप्ते गेल्याचं उघड झालं होतं. प्रश्न क्रमाचा आहे. आधी पैसे थांबले, शहानिशा नंतर. यंत्र जितकं वेगवान, तितकं आधीचं आणि नंतरचं यांतलं अंतर वाढत जातं, आणि ते अंतर दीड हजार रुपयांवर महिना काढणारी बाई भरून काढते.

"पगार मागत नाही."

मिशिगनने ती यंत्रणा आणताना खात्यातले सुमारे ४०० कर्मचारी, म्हणजे एक तृतीयांश, कमी केले होते. चूक झाल्यावर फोन उचलायला कोणी उरलं नाही.

ऑस्ट्रेलियाचं 'रोबोडेट' तर निव्वळ बचतीसाठीच काढलं होतं. माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, २६ पंधरवड्यांत समान वाटायचं आणि त्यावरून "तुम्ही जास्त भत्ता घेतला" अशी नोटीस पाठवायची. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न असं समान नसतं, हे आपल्याकडच्या ऊसतोड मजुराला विचारलं असतं तरी कळलं असतं. जुन्या पगारपावत्या शोधून आपण निर्दोष आहोत हे दाखवायची जबाबदारी मात्र नोटीस मिळालेल्याची. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी १० लाख डॉलर परत करायचं कबूल केलं. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने ही योजना क्रूर आणि बेकायदा असल्याचं लेखी नोंदवलं. यात पैसे वाचले किती ते ज्याचं त्याने मोजावं.

"शेवटी सही माणूसच करेल ना!"

मूळ पोस्टमध्ये हे नाही, पण वाद घालायला गेलं की दुसऱ्या मिनिटाला येतं. नेदरलँड्समध्येही माणूस होता. जास्त गुण पडलेला अर्ज त्याच्याकडे तपासायला यायचा; गुण का पडले हे मात्र त्याला सांगितलं जात नव्हतं. अशा वेळी कारकून काय करेल? यंत्राच्या विरोधात सही केली आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर मान त्याची. यंत्राच्या बाजूने सही केली तर कोणी विचारणार नाही. "सिस्टीम घेत नाहीये", "वरून लॉक आहे" ही वाक्यं आपण आजच ऐकतो, एआय यायच्या आधीच.

आपल्याकडचा कायदा याबाबत वाईट नाही, उलट चांगला आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं देणं हे प्राधिकरणाचं काम आहे, मागितली नसली तरी. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात प्रत्येक सेवेला पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती द्यायला जबाबदार माणूस, ठरलेला आहे. नाकारायचं तर कारण लेखी, त्यावर अपील, आणि कसूर झाली तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. लाचखोराला जी काही भीती वाटते ती या साखळीची. "मॉडेलने ७१ गुण दिले" हे कारण नव्हे, आणि दंडाच्या आदेशावर मॉडेलचं नाव घालता येत नाही.

"कॉम्प्युटरलाही विरोध केला होता."

केला होता. आणि तरी ऑनलाइन सातबारा आज चांगला चालतो, घरबसल्या डिजिटल सहीचा उतारा मिळतो. तो का चालतो हे मात्र पोस्टवाल्यांनी नीट बघावं. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना ढीगभर चुका झाल्या: क्षेत्र चुकलं, नावं गळली, बोजा भलत्याच्या नावावर लागला. सरकारने "संगणक चुकत नाही" असं म्हटलं नाही. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. सातबारा लोकांसमोर वाचायचा, "माझं क्षेत्र दोन गुंठ्यांनी कमी दाखवलंय" असं कोणी म्हणालं की लिहून घ्यायचं, मग दुरुस्ती. उरलेल्या लेखनचुकांसाठी जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे, तहसीलदाराच्या आदेशाने नोंद दुरुस्त होते. त्या कलमाचाही गैरवापर होतोच, पण तोसुद्धा पकडता येतो, कारण आदेश कागदावर असतो आणि सही कोणाची ते दिसतं.

त्याच वर्षीच्या कर्जमाफीत याच्या उलट झालं. ऑनलाइन अर्ज, बँकांची माहिती, दोन्ही एकमेकांवर घातलं आणि पात्र कोण ते यंत्राने काढायचं. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले, पात्र ठरलेल्यांच्या 'हिरव्या यादीत' नाव का नाही हे गावात कोणालाच सांगता येईना, आणि याद्या पुन्हा कराव्या लागल्या.

भाषांतर, अर्जांची वर्गवारी, पिकावरच्या रोगाचा सल्ला, जुन्या फायलींतून संदर्भ शोधणं, या कामांत एआय खुशाल लावा. तिथे चूक झाली तर ती दिसते आणि कोणाची चूल विझत नाही. पण ज्या यंत्राच्या एका निकालाने रेशन, पेन्शन किंवा हप्ता थांबतो, त्याने तो परस्पर थांबवू नये. आधी नोटीस जावी, मराठीत. तिच्यात नेमकं कारण असावं: कुठली नोंद कुठल्या नोंदीशी जुळवली. उत्तर द्यायला मुदत असावी, तोवर पैसे चालू राहावेत, आणि खाली हा निर्णय फिरवू शकेल अशा तालुक्यातल्याच अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर असावा. यंत्रणेच्या टेंडरमध्ये या अटी टाकायला एक पानही लागणार नाही.