‘कोळी दिसला की ठेचा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. मजकूर साधारण असा: आपल्याकडे कोळ्यांच्या चार-पाचच जाती, सगळे जाळं विणतात, सगळे विषारी, अंगावरून नुसता चालला तरी फोड येतात, म्हणून दिसला की ठेचा.

चार-पाच जाती? भारतात 1,800 हून अधिक जातींची नोंद आहे आणि भर पडतेच आहे. 2021 साली ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यातल्या एकीचं नाव आयसियस तुकारामी, 26/11 च्या रात्री कसाबला पकडताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. नव्या जातीसाठी आंबोलीचं जंगलच गाठावं लागतं असं नाही, लोकलच्या पासातही काम भागतं!

‘सगळे जाळं विणतात’ हे तर भिंतीकडे बघूनही कुणी लिहू नये. ट्यूबलाइटजवळ माशीवर झेप घेणारा तो छोटा कोळी साल्टिसिडी कुळातला. शिकारीसाठी जाळं नाही, समोरचे दोन मोठे डोळे हेच हत्यार. 6,000 हून अधिक जातींचं हे जगातलं सर्वांत मोठं कोळीकुळ. यातलाच एक आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांची हुबेहूब नक्कल करतो. नराचे जबडे इतके लांब, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघाली आहे असंच वाटतं. बाथरूममध्ये रात्री दिसणारा तळहाताएवढा चपटा कोळीही जाळं लावत नाही. तो झुरळं मारतो, आणि मादी अंड्यांची चपटी चकती पोटाखाली धरून हिंडते. उलट लायकोसिडी कुळातले बहुतेक कोळी पळून शिकार करणारे, पण त्यातला हिप्पासा गवतात नरसाळ्यासारखं जाळं घालतो. पाऊस सरता सरता माळावर सकाळी दवाने पांढरी दिसतात ती बहुधा त्याचीच.

विषाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बहुतेक कोळ्यांना विष असतं, पण ते किड्यांच्या मापाचं. युलोबोरिडी कुळात तर विषग्रंथीच नाहीत, ते भक्ष्य धाग्यात आवळून टाकतात. ब्राउन विडो या विषारी कोळ्याची पुण्यातून नोंद आहे आणि सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारा पोसिलोथेरिया हा कोळी चावला तर पेटके येतात, तेव्हा ढोलीत हात घालू नये. मेसेजमध्ये या दोघांचं नावही नाही.

फोडांचा गुन्हेगार बहुतेकदा वेगळाच असतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा केशरी-काळा बारीक पीडेरस भुंगेरा झोपेत अंगावर चिरडला, की त्यातल्या रसायनाने कातडी भाजल्यासारखी होते आणि रेघेसारखा चट्टा उठतो. सकाळी भिंतीवर कोळी दिसतो, मग आळ त्याच्यावर.

राहिलं ठेचणं. जळमटं काढा, खुशाल काढा. पण मेसेजमधल्या फोटोतला कोळी फोल्सिडी कुळातला आहे, लांब काटकुळ्या पायांचा. झाडू लागला की अंग इतक्या जोरात हलवतो की नीट दिसेनासा होतो. तो डास खातो आणि जमेल तेव्हा दुसरे कोळीही खातो. घरात कोळी कमी हवेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी निदान याला तरी हात लावू नये.