लांडग्याची सबब

गेल्या हिवाळ्यात एका छोट्या वाचकगटाने माझ्याकडे अकरा इंग्रजी कादंबऱ्या गुण देण्यासाठी पाठवल्या. सगळ्या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या. त्यांतल्या सहा ‘शिफ्टर’ प्रकारातल्या, म्हणजे ज्यांचा नायक मनात आले की (आणि पुष्कळदा मनात नसतानाही) माणसाचा लांडगा होतो अशा. उरलेल्या पाच ‘ओमेगाव्हर्स’मधल्या. सोबत गुणांचा तक्ता होता: कथानक, पात्रे, विश्वरचना, भाषा आणि भावनिक परिणाम, प्रत्येकी दहा गुण. हा प्रकार मी आठ-नऊ वर्षे नेमाने वाचत आलो आहे, पण वाचत आलो तो चोरून. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत किंडल पालथे ठेवायचे, कारण मुखपृष्ठावर हटकून एक बिनमुंडक्याचा, पोटावर सहा वड्या पाडलेला तरुण उभा असतो. गुण द्यायचे म्हटल्यावर मात्र नुसते आवडले-नावडले म्हणून भागेना. कारणे लिहावी लागली, आणि ती लिहिताना माझ्या लक्षात आले की अकराही पुस्तके मी एकाच प्रश्नावर तोलतो आहे.

ज्यांनी हे कधी वाचलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. ओमेगाव्हर्सच्या जगात स्त्री-पुरुष भेदावर आणखी एक भेद चढवलेला असतो. प्रत्येक माणूस अल्फा, बीटा किंवा ओमेगा असतो. अल्फा दांडगा, हुकूम सोडणारा, बीटा तुमच्याआमच्यासारखा, आणि ओमेगा, तो पुरुष असला तरीही, ठरावीक काळाने ‘हीट’मध्ये येतो आणि त्याला दिवस जाऊ शकतात. अल्फाला त्याचा वास लांबून येतो. मानेवर चावा घेतला गेला की दोघांची जन्माची गाठ पडते.

‘हीट’ला मराठी शब्द शोधत बसावे लागत नाही, तो आपल्या गोठ्यात आहे: माज. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या घरी दोन म्हशी आणि एक जर्सी गाय होती, आणि माझी आजी ओसरीवर बसून, चहाला आलेल्या पाहुण्यांसमोर, ‘गाय माजावर आलीया, डॉक्टरास्नी निरोप धाडा’ असे ‘भात शिजलाय’ म्हणावे इतक्या सहज आवाजात सांगत असे. कालनिर्णयच्या चौकटीत ती फुली मारून ठेवायची आणि तिथून एकवीस दिवस मोजायची. म्हैस उन्हाळ्यात माज दाखवत नाही, त्याला ‘मुका माज’ म्हणतात, हेही मला तिच्याकडूनच कळले. शब्दाची गंमत अशी की मराठीत गाईला येतो तोही माज आणि पाटलाच्या पोराला चढतो तोही माजच. इंग्रजीत ओमेगाच्या अंगातल्या आणि अल्फाच्या डोक्यातल्या गोष्टीला दोन वेगळे शब्द लागतात. आपल्याकडे एकाच शब्दात अर्धे ओमेगाव्हर्स येऊन बसले आहे.

आता तो प्रश्न. या कादंबऱ्यांतला निसर्ग माणसाची सबब होतो की माणसापुढची अडचण? वाईट पुस्तकात तो सबब असतो. अल्फा खोलीत येतो, वास येतो, ‘माझा’ एवढा एक शब्द गुरगुरत उच्चारला जातो, आणि पुढच्या दोन पानांत जे घडते त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. शिफ्टर कादंबऱ्यांत तर या सबबीची स्वतंत्र मुद्रणव्यवस्थाच आहे: नायकाच्या आतला लांडगा तिरप्या टाइपात बोलतो. ‘तो आपला आहे. त्याला घे.’ माणूस सरळ टाइपात संकोचतो, लांडगा तिरप्या टाइपात रेटतो, आणि लेखक दोघांच्या मध्ये हात झटकून उभा राहतो. माझ्याकडे आलेल्या सहांपैकी चार पुस्तकांत हा तिरपा लांडगा होता. त्याने मागितले ते पुढच्याच प्रकरणात त्याला मिळाले, असे तीन पुस्तकांत झाले. तिन्हींचे ‘पात्रे’ या रकान्यातले गुण मी निम्म्यावर आणले.

यावर नेहमीचे उत्तर येते की प्राण्यांत असेच असते. तसे नसते. वळूचा विषय निघाला की आजी म्हणायची, ‘ती उभी ऱ्हायली न्हाई तर वळूचं काय चालतंय?’ माज असला तरी गाय उभी राहावी लागते, आणि ती वेळ साधण्यासाठी तर कालनिर्णयवरच्या त्या फुल्या. लांडग्यांच्या बाबतीत तर सगळी अल्फाची गोष्टच एका चुकीतून वर आलेली आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले, कोंडून ठेवलेले लांडगे पाहून १९४७ मध्ये त्यांच्या चढाओढीचे वर्णन केले. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने ती कल्पना घरोघरी पोचवली. पुढे मेक यांनीच कॅनडातल्या एल्समेअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षे उन्हाळ्यात जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरे, म्हणजे एक कुटुंब. ज्याला आपण अल्फा म्हणत होतो तो कोणाला हरवून पुढारी झालेला नसतो, तो फक्त बाप झालेला असतो. आपलेच जुने पुस्तक छापणे थांबवा म्हणून हे गृहस्थ प्रकाशकाला वर्षानुवर्षे विनवत राहिले. ती छपाई २०२२ मध्ये थांबली. अनोळखी जनावरे एका पिंजऱ्यात कोंबली की ती एकमेकांची लांडगेतोड करणारच, त्यात लांडग्याच्या स्वभावापेक्षा पिंजऱ्याचा वाटा मोठा. म्हणून एखादा लेखक ‘निसर्गच असा’ म्हणतो तेव्हा तो पिंजऱ्यालाच निसर्ग समजत नाही ना, हे मी आधी पाहतो.

गमतीचा भाग असा की चांगल्या शिफ्टर कादंबऱ्या, त्यांच्या लेखकांनी मेक वाचलेले असोत वा नसोत, शेवटी मेक यांच्याच लांडग्याशी येऊन पोचतात. त्यांच्यातला कळप म्हणजे सैन्य नसते, स्वयंपाकघर असते. घरातून हाकलला गेलेला एक तरुण तिथे येतो, कोणीतरी त्याच्यापुढे ताट ठेवते, आणि तो ते संशयाने खातो. समलिंगी वाचकाला त्या ताटाचे काय वाटते हे मी इथे वेगळे सांगत नाही. (आपला माळावरचा लांडगा या पुस्तकांत कुठेच नसतो. यांचे लांडगे बर्फातले, सूचिपर्णी जंगलातले, केसाळ. नान्नजच्या माळावर मी एकदा पाहिला तो मात्र सडपातळ, गवताच्या रंगाचा आणि आमच्याकडे बघून कंटाळल्यासारखा निघून गेलेला होता.)

विश्वरचनेच्या रकान्यापाशी मी सर्वांत जास्त अडलो. बरेच परीक्षक तिथे नावीन्य शोधतात, आणि माझ्या मते ते चुकतात. ओमेगाव्हर्सचे नियम कोणा एका लेखकाचे नाहीत. ते २०१० च्या सुमारास ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी, बहुतेकांनी टोपणनावाने, एकमेकांच्या कथांवर कथा रचत तयार केले, आणि त्यांच्याही मागे १९६७ साली ‘स्टार ट्रेक’मध्ये दाखवलेली, व्हल्कन लोकांना दर सात वर्षांनी येणारी अनावर अवस्था उभी आहेच. २०१८ मध्ये ओमेगाव्हर्स लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या प्रकाशकाने दुसरीवर नक्कल केल्याचा दावा करून तिची पुस्तके विक्रीतून उतरवायला लावली. प्रकरण अमेरिकी न्यायालयात गेले, आणि जे सर्वांचे आहे त्यावर एकीची मालकी कशी, हाच त्यातला कळीचा मुद्दा ठरला. मला हे वाचताना गौळण आठवली. राधा, मथुरेचा बाजार, डोक्यावर दुधाचे माठ, वाट अडवणारा कृष्ण, मावशी, हे सगळे ठरलेले असते आणि कोणी शाहिराला ‘हे तू चोरलेस’ म्हणत नाही. मावशी आज काय बोलते, हे ऐकायला लोक बसलेले असतात. तसेच इथे. ओमेगाला हीट येते हे मला ठाऊक आहे. ती आल्यावर त्याच्या पगाराचे काय होते, हे या लेखकाने सांगायचे असते.

आणि हे सांगणारा लेखक भेटला की मी गुणांना हात आखडता घेत नाही. पाचांपैकी एका कादंबरीत ओमेगा नायक औषधाच्या दुकानात हीट दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आणायला जातो. रात्रीचे साडेनऊ, दुकान बंद व्हायच्या बेतात. दुकानदार बीटा आहे, सज्जन आहे, आणि तो अगदी मृदू आवाजात सांगतो की नियम बदलला आहे, आता पालकाची किंवा जोडीदार अल्फाची सही लागेल. नायक चौतीस वर्षांचा, शाळेत गणित शिकवणारा. तो काउंटरवर ठेवलेल्या सुट्या नाण्यांची चवड पुन्हा पुन्हा सारखी करत राहतो, मग ती नाणी खिशात टाकतो आणि ‘ठीक आहे, उद्या येतो’ म्हणतो. उद्या कोणाची सही आणणार, हे त्याला माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. त्या दोन पानांत ना चावा आहे ना गुरगुर, आणि तरी संपूर्ण जग उभे राहते: त्यात कायदा आहे, घरभाडे आहे, शाळेतली रजा आहे. विश्वरचना दहापैकी नऊ. एक गुण कापला, कारण त्याच लेखिकेने पुढे अल्फाला अब्जाधीश करून सहीचा प्रश्न एका फोनवर मिटवला.

माझ्या एका मित्राचा या सगळ्या प्रकारावरच आक्षेप आहे, आणि तो मी हलका मानत नाही. तो म्हणतो, दोन पुरुषांच्या गोष्टीत तुम्ही बाईला मागच्या दाराने आणून बसवले, तिची पाळी, तिचे बाळंतपण, तिचे परावलंबन सगळे एका पुरुषाच्या अंगावर घातले, आणि दुसऱ्याला नवरा केले. मग आमच्या नात्याचे त्यात उरले काय? निम्म्या पुस्तकांबाबत तो बरोबर आहे. त्यांत ओमेगा नावाचा एक लाजरा, सडपातळ, रडवा तरुण असतो आणि त्याचे एकमेव कर्तृत्व म्हणजे निवडले जाणे. पण उरलेल्या पुस्तकांत नेमके उलटे घडते. बाईच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या इतके ओझे आहे की ते ओझे आहे हेच दिसेनासे झाले आहे. तेच ओझे उचलून चौतीस वर्षांच्या गणिताच्या मास्तरांवर ठेवले की त्यातले देहाचे किती आणि कायद्याचे किती, हे वेगळे दिसू लागते. गोळ्यांना सही लागणे हा कोणाच्याही गर्भाशयाचा गुणधर्म नाही. ही पुस्तके लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. मित्राला हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग बायकांवरच लिहावे की.’ त्यावर माझ्याकडे नीट उत्तर नव्हते, अजूनही नाही.

पुरुषाच्या गरोदरपणाला हसणाऱ्यांना मी महाभारताकडे पाठवतो. वनपर्वातला युवनाश्व राजा रात्री तहानेने व्याकूळ होऊन राणीसाठी मंतरलेले पाणी पितो, आणि काळ भरल्यावर त्याची डावी कूस फोडून मांधाता जन्माला येतो. लगेच व्यावहारिक प्रश्न निघतो की हे मूल आता पिणार काय, आणि इंद्र आपले बोट त्याच्या तोंडात देतो. कथाकाराने दुधाचा हिशेब लावला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या पाच ओमेगाव्हर्सपैकी तीन पुस्तकांत बाळ शेवटच्या प्रकरणात गुलाबी दुपट्यात अवतरते, कोणाची झोप मोडत नाही आणि त्याला काय पाजले जाते हे कोणी सांगत नाही. इतके कोरडे बाळंतपण आपल्या पुराणांनाही परवडले नसते.

विधिलिखित जोडीदाराचे प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण त्यात आपल्याला नवे काही नाही. वास जुळला म्हणजे छत्तीस गुण जुळले. पत्रिका जुळल्यावर संसार सुरू होतो, आणि गोष्टही तिथेच सुरू व्हायला हवी; जिथे ती तिथेच संपते तिथे कथानकाला चारपेक्षा जास्त गुण देणे मला जमले नाही. पुस्तकमालिकांचेही तसेच. अॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत जुलै २०१५ पासून लेखकांना वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळतात, तेव्हा पाने वाढणार आणि पुस्तकामागून पुस्तक येणार, हे ओघानेच आले. पहिल्या भागातच अल्फाचे चार अविवाहित भाऊ एकेक करून जेवणाच्या टेबलावर येतात, प्रत्येकाच्या डोळ्यांचा रंग सांगितला जातो, आणि कळते की आपण कादंबरी वाचत नसून स्थळे बघायला आलो आहोत.

अकरावे पुस्तक मी सर्वांत शेवटी वाचले, कारण त्याचे मुखपृष्ठ सर्वांत वाईट होते. त्यात ओमेगाची हीट पुराच्या रात्री, ठरल्यापेक्षा चार दिवस आधी येते, आणि घरात फक्त एक अल्फा आहे, ज्याच्यावर त्याचे प्रेम आहे पण त्याने अजून ते सांगितलेले नाही. तो अल्फाला म्हणतो, मी आज रात्री जे काही म्हणेन ते ऐकू नकोस, मला हे उद्या सकाळी म्हणायचे आहे. अल्फा दार बाहेरून ओढून घेतो आणि पायरीवर बसतो. त्याच्याही आतला लांडगा तिरप्या टाइपात बोलतो, पण लेखकाने त्याला एकच वाक्य दिले आहे: ‘थंडी आहे.’ पहाटे आतला माणूस दार उघडतो तेव्हा बाहेरचा बसल्या जागी झोपलेला असतो, आणि आतला आधी आपली गोधडी आणून त्याच्या अंगावर टाकतो, मग चहाचे आधण ठेवतो, आणि म्हणायचे होते ते त्या दिवशीही म्हणत नाही. भाषेत व्याकरणाच्या चुका होत्या, पुराचे पाणी एका प्रकरणात वाढते आणि पुढच्यात विनाकारण ओसरते, म्हणून कथानकाला सहाच दिले. पात्रांना दहा लिहिले, आणि तक्ता परत पाठवताना पुस्तकाचे मुखपृष्ठ बदलावे अशी एक ओळ खाली जोडली.