२ मेगाहर्ट्झसाठी एवढा उपद्व्याप कशाला? – प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, लोरा (कमी पॉवरचा, लांब पल्ल्याचा रेडिओ) साठी बोर्डावर छापलेल्या डायपोल म्हणजे दोन आर्मच्या अँटेनाची बँडविड्थ (जेवढ्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात तो नीट चालतो) वाढवा असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलं त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की लोराला ८६५ ते ८६७ म्हणजे जेमतेम २ मेगाहर्ट्झ लागतात, बारीक पट्टीच्या छापील डायपोललाच ते आरामात मिळतात, मग आर्म रुंद करा, बो-टाय (फीडपाशी निमुळता, टोकाला रुंद आकार) करा, बालून (केबलच्या बाहेरून करंट वाहू न देणारा जोड) टाका हे कशासाठी. आणि तुम्ही तर कोॲक्स केबल बालूनशिवाय सरळ मधोमध सोल्डर करून माझ्यापेक्षा जास्त बँडविड्थ काढली.

टेबलावर तुमचं बरोबरच आहे, बारीक डायपोल साधारण १० टक्के बँडविड्थ देतो. पण हा अँटेना जाणार कुठे तर रावेर-यावलकडे केळीच्या बागेत, प्लास्टिकच्या डबीत. डबी तांब्याला टेकली की रेझोनन्स (अँटेना सर्वात चांगला चालतो ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो, पावसाचं पाणी डबीवर साचलं की अजून खाली, आणि केळीचं पान म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, ज्याची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्रावर होणारा परिणाम, हवेची १ धरून) ८० च्या आसपास, ते वाऱ्याने येऊन चिकटलं तर विचारूच नका. २ मेगाहर्ट्झ ही रेडिओची गरज झाली, अँटेनाला मात्र एवढं सरकूनही ८६६ वर मॅच (पॉवर परत न फिरता अँटेनात जाणं) टिकवायचाय. अर्थात पानाने शोषलेली पॉवर कितीही बँडविड्थ असली तरी परत येत नाही, म्हणून डबी पानांच्या वर, खांबावरच लावा.

रुंद आर्मने होतं काय, तर फ्रिक्वेन्सी बदलली की रिॲक्टन्स (पॉवर न खाता करंटला होणारा अडथळा) जो झपाट्याने बदलतो तो हळू बदलायला लागतो. सपाट पट्टी ही तिच्या निम्म्या रुंदीच्या व्यासाच्या तारेसारखी वागते, म्हणजे २० मिमी पट्टी म्हणजे १० मिमी जाड तार. फीडपाशी, म्हणजे केबल जोडतो तिथे, निमुळती ठेवा, नाहीतर मधल्या फटीत कपॅसिटन्स वाढतो. आणि लांबी कमी करावी लागते हे विसरू नका, हवेत अर्धी तरंगलांबी १७३ मिमी भरते, बोर्डावर रुंद आर्म त्याहून बऱ्यापैकी आखूड.

आता तुमची जास्तीची बँडविड्थ. बालून नसला की शील्डच्या (केबलच्या जाळीदार आवरणाच्या) बाहेरून करंट वाहतो आणि केबलच अँटेना होऊन बसते. नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) एस-११ चा, म्हणजे किती सिग्नल परत फिरतो त्याचा, ग्राफ लावा, केबल मुठीत धरा आणि हात हळूहळू अँटेनाकडे सरकवा. ग्राफ हलला तर तुम्ही मोजताय ते केबलसकट मोजताय, आणि शेतात केबल वेगळी असणार. शिवाय ग्राफ उणे १० डीबीच्या खाली गेला म्हणजे ९० टक्के पॉवर आत गेली एवढंच कळतं, बाहेर किती पडली ते नाही. ५० ओहमचा नुसता रेझिस्टरसुद्धा सगळीकडे सुंदर मॅच दाखवतो! स्वस्त एफआर-४ (फायबरग्लास बोर्ड) मध्ये उष्णता होऊन जाणारी पॉवर, म्हणजे लॉसही असाच बँडविड्थ फुगवतो.

बालून म्हणजे खर्च वाढवणारी फालतू भर असं तुम्ही लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. रॉबर्ट्स नावाच्या इंजिनिअरने १९५७ मध्ये मांडलेला बालून त्याच बोर्डाच्या मागच्या बाजूला छापता येतो, वेगळा पार्ट लागत नाही. त्याच्या ओपन स्टबचा (टोक मोकळं ठेवलेल्या छोट्या पट्टीचा) रिॲक्टन्स डायपोलच्या रिॲक्टन्सला उलटा पडतो, म्हणजे बालून नीट डिझाइन केला तर बँडविड्थ तोच वाढवतो आणि ही वाढ खरी असते.

तेव्हा एक करा, दोन्ही अँटेना त्याच जागी, त्याच उंचीवर आळीपाळीने लावून गेटवेवरचा (सिग्नल पकडणाऱ्या यंत्रावरचा) आरएसएसआय, म्हणजे सिग्नलची ताकद, बघा, एकदा कोरडं आणि एकदा डबीवर पाणी मारून. आकडे इथेच टाका, तुमच्या बोर्डाच्या फोटोसकट.