‘रिकामटेकडे’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर हातात फोन धरून गाडी चालवणारा दिसला तर गाडीचा नंबर टिपून ११२ला कळवावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : ‘ज्यांनी पोटासाठी कधी स्टिअरिंग धरलं नाही, असे रिकामटेकडे लोक एसी गाडीत बसून गरीब ड्रायव्हरच्या पोटावर पाय देतात.’ पुढे कॅमेरे आहेतच, पोलीस काही करत नाहीत, आणि कळवणाराही फोनच वापरतो, असंही तुम्ही म्हटलंय.

मतभेदाचं मला वावडं नाही. इथे अनेकांनी मला सडकून विरोध केलाय आणि त्यांच्याशी माझं आजही बोलणं आहे. त्यांनी मुद्दा खोडला, माझी लायकी काढली नाही. तुम्ही मला ओळखत नाही. मी कुठल्या घरातून आलो हे विचारलंही नाहीत. सरळ ठरवून मोकळे झालात.

आता ऐका. माझे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून जायचो. साताऱ्याकडून भाजीचा माल भरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटला लावायचा. केबिनमधली झोप, घाटातलं जॅम, उशीर झाला की शेठचे फोन, हे सगळं मी पाहिलंय. ड्रायव्हरच्या पोटाची गोष्ट मला शिकवू नका.

वडिलांची लायनीवरची शेवटची रात्र सांगतो. टायर बसला म्हणून त्यांनी गाडी कडेच्या पट्टीत घेतली होती. पार्किंग लाइट चालू होते, मागे झाडाची फांदी टाकलेली होती. ते वाकून नट सैल करत असताना एक कार लेन सोडून आत आली आणि त्यांना उडवून पुढे जाऊन थांबली. कारवाला उतरून पहिलं वाक्य काय बोलला? ‘फोन आला होता.’ वडील वाचले, पण गुडघा कायमचा गेला. क्लच दाबता येईना, म्हणून ट्रक सुटला. पोटावर पाय कुणी दिला, हे आता तुम्हीच सांगा. आणि तो कारवाला गरीब नव्हता.

तुमच्या त्या एका वाक्यात धरून चाललंय की कळवणारा श्रीमंत आणि सापडणारा गरीब. रस्त्यावर पायी उभं कोण असतं, ते बघा. पंक्चर काढणारे ड्रायव्हर-क्लीनर, पट्टे रंगवणारे मजूर, दुभाजकातली झाडं छाटणाऱ्या बायका. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. मेसेज वाचायला पाच सेकंद मान खाली घातली, की १४० मीटर रस्ता न बघता गेला. तेवढ्या अंतरात यांच्यापैकी कुणीही असू शकतं. गप्प बसून तुम्ही ड्रायव्हरवर दया करता असं तुम्हाला वाटतं. माझ्या बापाच्या वाट्याला ती दया आली नाही.

एक गोष्ट मान्य. ई-चलन गाडीच्या नावावर येतं, आणि पुष्कळ शेठ ते ड्रायव्हरच्या पगारातून कापतात. ‘कुठवर आलास?’ म्हणून भर घाटात फोन करणारे तेच असतात, तरीही. हा अन्याय आहे आणि तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

बाकीचं थोडक्यात. कॅमेरे २०२४पासून आहेत, पण कॅमेरा चलन पाठवतो, गाडी थांबवत नाही. पुण्याकडे जाणारी गाडी पनवेलच्या पुढे दिसली आणि तेव्हाच कळवलं, तर घाट लागण्याआधी खालापूर टोलनाक्यावर तिला बाजूला घेता येतं. पोलीस काही करत नाहीत म्हणता, पण न कळवता ते काय करणार? २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं ‘धोकादायक वाहनचालन’ म्हणून स्पष्ट लिहिलंय. दंड आहे, कैदही आहे. आणि फोन शेजारी बसलेल्याने करायचा, नंबर, दिशा आणि किलोमीटरचा फलक सांगायचा. गाडीत एकटे असाल तर टोलनाक्यावर थांबून सांगायचं, हे मूळ लेखात शब्दशः आहे. लेख न वाचता प्रतिक्रिया लिहायची घाई का?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. त्याखाली एका वाचक ताईंना ‘तुम्हाला गाडीतलं काय कळतं’ असं जे लिहिलंत, ते मात्र आज सकाळी काढलंय. त्या गेली कित्येक वर्षं स्कूल व्हॅन चालवतात.