बर्कली अटलांटिकच्या किनाऱ्यावर कशी पोचली?

अमेरिकेत पॅसिफिकच्या काठावरची बर्कली आणि स्टॅनफर्ड ही दोन विद्यापीठं ऑगस्ट २०२४ पासून 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' या विद्यापीठांच्या क्रीडागटात, म्हणजे एसीसीत खेळतात. 'बिग टेन' या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये अठरा विद्यापीठं आहेत आणि 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये सोळा. यावरचे विनोद करून झाले, 'पैशासाठी परंपरा विकली' हा शेराही मारून झाला. पैसा तर सगळ्यांनाच हवा होता. मग बर्कली-स्टॅनफर्डची जुनी कॉन्फरन्स, १९१५ सालापासून चालत आलेली पॅक-१२, एका उन्हाळ्यात मोडली आणि तेवढीच धुसफूस असलेली एसीसी टिकली, हे कसं? माझ्या मते याचं उत्तर करारांवरच्या तारखांमध्ये आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत मुंबई, पुणे, शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतात, कारण ती पश्चिमेला आहेत. विभाग बदलायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही, कारण विकण्यासारखं काही नसतं. अमेरिकेतली कॉन्फरन्स ही खेळण्याची गटवारी आहेच, शिवाय टीव्हीचे हक्क एकगठ्ठा विकणारी ती मंडळी आहे. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या; आपला फुटबॉल तो तिथे सॉकर) प्रक्षेपणाची नाडी एनसीएए या मध्यवर्ती संस्थेच्या हातात होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली आणि प्रत्येकाला आपला माल आपण विकायची मोकळीक मिळाली. पुढचं सगळं तिथून निघतं.

मग केबलचा जमाना आला. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी काढली. ज्या राज्यात तुमचं विद्यापीठ आहे, तिथे केबलवाल्याकडून घरटी जास्त दर मिळायचा. घरातलं माणूस सामना बघो वा न बघो. २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स यांना घेतलं ते याच हिशेबाने. रटगर्सचा फुटबॉल काही भारी नव्हता, पण ते न्यू जर्सीत होतं आणि पलीकडे न्यूयॉर्क. न्यू जर्सीच्या एडिसन गावातल्या, आयुष्यात फुटबॉल न पाहिलेल्या मराठी कुटुंबाच्या केबल बिलातही ही वाहिनी शिरू शकत होती. आज लोक केबल तोडताहेत, तेव्हा भाव घरांच्या संख्येला नाही, सामना खरोखर बघणाऱ्या डोळ्यांना आहे. रटगर्सने आज अर्ज केला असता तर दारातूनच परत पाठवलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

आता पॅक-१२ कडे येऊ. ३० जून २०२२ ला तिच्यातल्या यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. लॉस एंजेलिसची बाजारपेठच गेली. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तीन वर्षांची तूट दहा कोटी डॉलरच्या वर होती, त्यामुळे तिला दोष देणं सोपं असलं तरी तिचं गणित समजण्यासारखं आहे. (यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी संस्थेची लेकरं. म्हणून जाणाऱ्या भावाने राहिलेल्या भावाला वर्षाला एक कोटी डॉलर द्यायचे, असं त्या संस्थेच्या नियामक मंडळाने, म्हणजे रीजंट्सनी ठरवलं. पोटगीच म्हणा.)

पण खरी चूक त्यानंतर झाली. पॅक-१२ चा टीव्ही करार २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होता, बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर वर्षभराने. म्हणजे बाजारात आधी उतरायची पाळी पॅक-१२ ची. बिग ट्वेल्व्हचे नवे आयुक्त ब्रेट योरमार्क रांग मोडून पुढे घुसले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांचा, सुमारे २२८ कोटी डॉलरचा करार करून मोकळे झाले. प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख. आकडा डोळे दिपवणारा नव्हता, पण पुढची काही वर्षं दोन्ही वाहिन्यांची भूक भागली. तेव्हाच्या बातम्यांनुसार ईएसपीएनने पॅक-१२ पुढे प्रत्येकी सुमारे तीन कोटींचा प्रस्ताव ठेवला होता, आणि पॅक-१२ ने पाच कोटी मागितले. दुकान बंद व्हायच्या वेळेला घासाघीस करायला गेल्यासारखं झालं ते.

बिग ट्वेल्व्हच्या करारात आणखी एक कलम होतं, ते बहुतेक चर्चांमध्ये निसटतं. मोठ्या कॉन्फरन्समधून नवं विद्यापीठ आलं तर त्याचा पूर्ण वाटा वाहिन्या वरून देतील, जुन्या सदस्यांच्या ताटातलं काही कमी होणार नाही. हे कलम नसतं तर पॅक-१२ मधल्या कोलोराडोला घ्यायचं का, यावर आतच भांडणं झाली असती. एरवी नव्या सदस्याला मत देताना प्रत्येक जण एकच हिशेब करतो: याच्या येण्याने माझा वाटा वाढेल, तेवढाच राहील की घटेल? घटणार असेल तर त्या विद्यापीठाची परंपरा, प्रयोगशाळा, नोबेल विजेते काही कामाला येत नाहीत.

२७ जुलै २०२३ ला कोलोराडो बिग ट्वेल्व्हमध्ये गेलं. पॅक-१२ च्या हातात तेव्हा ॲपलचा प्रस्ताव होता: साधारण अडीच कोटींच्या आसपास हमी, वर ग्राहक किती जोडले जातील त्यावर बक्षिसी, आणि सामने जवळपास सगळे ॲपवर. जिची स्वतःची वाहिनी डायरेक्टटीव्हीवर कधीच दिसली नाही, त्या कॉन्फरन्सने आता 'ग्राहक वाढवा आणि कमवा' यावर भरवसा ठेवायचा होता. ४ ऑगस्टला ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. ओरेगन-वॉशिंग्टन यांना पंगतीत अर्ध्या ताटावर बसवलं, सुरुवातीला वर्षाला सुमारे तीन कोटी. तरीही ते गेले, कारण अर्धं ताट हमखास होतं.

बर्कली आणि स्टॅनफर्डला याहून कडक अटी पत्कराव्या लागल्या. एसीसीच्या टीव्ही उत्पन्नातला सात वर्षं फक्त ३० टक्के वाटा. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसाही न घेण्याचं कबूल केलं. तिथले गब्बर माजी विद्यार्थी खिशात हात घालायला तयार होते. त्यांचे न घेतलेले पैसे जुन्या सदस्यांच्या वाट्याला आले. घरात येण्यासाठी सुनेने हुंडा आणावा तसा हा प्रकार.

आता तारखांचा मुद्दा. टीव्ही करार टिकावा म्हणून विद्यापीठं आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क कॉन्फरन्सच्या नावे लिहून देतात. तुम्ही गेलात तरी हक्क मागेच राहतात, म्हणजे नव्या घरी विकायला तुमच्याकडे काही उरत नाही. दंड परवडतो, हे परवडत नाही. पॅक-१२ चं हे हक्कपत्र टीव्ही करारासोबतच २०२४ ला संपत होतं, त्यामुळे त्या उन्हाळ्यात जाणाऱ्याला कुणी अडवू शकत नव्हतं. एसीसीचं २०३६ पर्यंतचं. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन तिथे कमी पैशांवरून धुमसत होते, दोघांनी कॉन्फरन्सवर खटले भरले, पण बाहेर पडता आलं नाही. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनाही बिग ट्वेल्व्हमधून फक्त एक वर्ष आधी सुटण्यासाठी दोघांत मिळून दहा कोटी डॉलर मोजावे लागले.

या सगळ्यात मला न पटणारी गोष्ट एकच आहे. हिशेब फुटबॉलचा होतो आणि फरपट बाकीच्यांची होते. फुटबॉलचे नियमित सामने बारा, तेही आठवड्यातून एक, चार्टर विमानाने जाऊन परत. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर यांचे सामने जास्त, आठवड्याच्या मधल्या दिवशीही, आणि त्यातून उत्पन्न जवळपास नाही. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी सुमारे चार हजार किलोमीटर, तीन तासांचा वेळफरक. पूर्वेकडचे दोन सामने एकाच फेरीत उरकायचे, हा उपाय दिसतो सोपा. पण त्यात खेळाडूंचा अख्खा आठवडा वर्गाबाहेर जातो.

फुटबॉल एका कॉन्फरन्समध्ये आणि बाकीचे खेळ दुसऱ्या, असं करता येतं. नोत्र दाम विद्यापीठ तेच करतं: फुटबॉल स्वतंत्र, १९९१ पासून एनबीसीशी स्वतःचा करार, बाकी बहुतेक खेळ एसीसीत. कनेटिकटने २०२० मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर भरून, बास्केटबॉलसाठी आपल्या जुन्या बिग ईस्ट कॉन्फरन्सची वाट धरली आणि फुटबॉल एकटा सोडला. पुढे २०२३ आणि २०२४ अशी बास्केटबॉलची सलग दोन पुरुष राष्ट्रीय विजेतेपदं. तरी बाकीचे ही वाट धरत नाहीत, कारण मोठ्या कॉन्फरन्सना सगळे खेळ हवे असतात आणि नोत्र दामसारखा भाव दुसऱ्या कुणाला नाही.

जून २०२५ मध्ये कोर्टात मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्यांना टीव्हीतून सहा-सात कोटी येतात त्यांना हा खर्च आहे. ज्यांना काही लाख येतात त्यांचा तर विषयच संपला.

मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांची पुढची गोष्ट मजेशीर आहे. कोर्टात लढून त्यांनी पॅक-१२ चं नाव आणि तिजोरी मिळवली. २०२४ साठी माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सबरोबर सामन्यांचा करार केला, त्यात कलम होतं: आमची विद्यापीठं पळवलीत तर पहिल्यासाठी एक कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी पाच लाख जास्त. मग त्यांनी पाच पळवली. बेरीज साडेपाच कोटी. लगेच कोर्टात गेले, की हे कलमच बेकायदा! घाई का, तर मोठ्या फुटबॉल कॉन्फरन्सच्या मान्यतेसाठी आठ संघ लागतात आणि मुदत होती जुलै २०२६. गोन्झागा विद्यापीठ मिळालं, पण तिथे फुटबॉलच नाही. आठवा संघ म्हणून शेवटी टेक्सास स्टेट आलं.

पुढची पळापळ कधी, हे बघायचं तर एसीसीने फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनशी मार्च २०२५ मध्ये केलेली तडजोड वाचा. वाट्याचा मोठा भाग आता प्रेक्षकसंख्येवर ठरणार आहे, आणि बाहेर पडायचा दंड २०२६ मधल्या साडेसोळा कोटींपासून दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी उतरत २०३०-३१ ला साडेसात कोटींवर येतो. बिग टेनचा टीव्ही करार २०३० मध्ये संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्याच्या पुढच्या वर्षी.