चूक दिसली की चहा विचारावा

‘माझं काही चुकलं तर बिनधास्त सांगा हं’ असं मराठी शिकणारा माणूस म्हणाला की त्याचा अर्थ आधी नीट समजून घ्या. हे वाक्य ‘कधीतरी घरी या ना’ या जातीचं आहे. ऐकायचं, मान हलवायची आणि जायचं नाही. खरोखर जातात त्यांना दारात उभं राहून बोलावं लागतं.

मी गेलो होतो. म्हणून चार शब्द सांगायचा अधिकार मला आहे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कानपूरचं कुटुंब राहतं. गृहस्थ सज्जन, कॉम्प्युटरवाले, पुण्यात येऊन दहा वर्षं झालेली. मागच्या वर्षी त्यांनी मराठी शिकायचं मनावर घेतलं आणि एका रात्रीत मी अंकलचा काका झालो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांना माइक दिला. शेजारी आमच्या सेक्रेटरीबाई उभ्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वय सत्तर. त्यांच्याकडे आदरानं बघत हे म्हणाले, “आपण दोन हजार पंधराला लग्न केलं आणि लगेच पुणेला आलो.”

पहिल्या रांगेत बाईंचे यजमान प्रसादाचा द्रोण धरून बसले होते. त्यांनी मोदक खाली ठेवला.

हिंदीत एकच ‘हम’. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तोही आत ओढला जातो, कधी कधी थेट बोहल्यावर. हे त्या क्षणी कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. त्या कडकडाटात ते पुढे म्हणाले, “मी रोज मराठी बोलायची चेष्टा करतो.” त्यांच्या भाषेत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्या भाषेत काय, ते तुम्हाला माहीत आहे. पण या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती आणि वस्तुस्थितीचीही नव्हती, त्यामुळे हरकत कशाला घ्यायची?

खाली उतरल्यावर सगळ्यांनी त्यांचा हात धरून सांगितलं, “किती छान बोलता हो मराठी! अगदी आमच्यातलेच वाटता.” हे वाक्य पाठ करून ठेवा. शिकणाऱ्याला जागच्या जागी थांबवायला याच्याइतकं गुणकारी काही नाही. घर आलं असं सांगितल्यावर कोण चालत राहील? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य हिंदीत टाकायचं. तिसऱ्या वाक्यापर्यंत थांबू नये. तिसऱ्या वाक्यात तो क्रियापद वापरण्याची शक्यता असते.

हिंदीत जाताना मनाला लावून घेऊ नका. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून तर आपली बाजू आणखी भक्कम झाली आहे. चांगला डिनर सेट काचेच्या कपाटात असतो. रोज कुणी त्यात आमटी वाढत नाही. 27 फेब्रुवारीला कपाट उघडायचं, कपबशा पुसायच्या, कुसुमाग्रजांच्या तसबिरीला हार घालायचा, फोटो काढायचा आणि बंद करायचं. एरवी आपली स्टीलची हिंदी आहेच. पडली तरी पोचा येत नाही.

तर, मी काय केलं ते करू नका. मी चूक सांगितली. तीही लिफ्टमध्ये, जिथून पळायला जागा नसते.

ते म्हणाले, “काका, माझा घर बघितला का? नवीन रंग दिला.”

मी म्हणालो, “माझं घर.”

“हां, तुमचा पण बघितला. छान आहे.”

“तसं नाही हो. घर, ते घर. माझं घर, बघितलं का.”

“तेच तर बोललो.”

“तुम्ही ‘माझा’ म्हणालात.”

“काका,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “समजलं ना तुम्हाला? मग झालं.”

पुढचे आठ दिवस आम्ही रोज एकत्र खाली उतरलो आणि रोज त्यांनी ‘6 व्यक्ती, 408 किलो’ ही पाटी मन लावून वाचली. त्या पाटीवर आणखी काही लिहिलेलं नाही. मी खात्री करून घेतली आहे, कारण मीही तीच वाचत होतो.

‘समजलं ना, मग झालं’ ही त्यांची पहिली ढाल. ती भेदलीत तर मागे आणखी आहेत. ‘आमचा ड्रायव्हर असंच बोलतो.’ ‘मोबाइलच्या ॲपमध्ये असंच दिलंय.’ ‘ही मुंबईची मराठी आहे.’ (मुंबईनं आजवर पुष्कळ सोसलं आहे, हेही सोसेल.) आणि सगळ्यात शेवटी ब्रह्मास्त्र: ‘तुम्ही लोक असं टोकता, म्हणून बाहेरचे मराठी शिकत नाहीत.’ इथे तुमचा एकट्याचा विषय संपला. आता साऱ्या महाराष्ट्राच्या वतीनं तुम्ही माफी मागायची, तीही बहुधा हिंदीत.

गोड बोलून सांगावं म्हणाल, तर तेही करून पाहिलं. आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. पाडव्याला आपण गुळातून कडुलिंब देतो, तसं. आमचे शेजारी गूळ चोखतात आणि कडुलिंब तेवढा बाजूला काढून ठेवतात. वर दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्याला सांगतात, “काकांनी माझ्या मराठीची तारीफ केली.”

चूक सांगण्यात आणखी एक धोका आहे. समोरचा विचारतो, ‘का?’ पुस्तक हिंदीत ती, मराठीत ते. का? आवाज तिकडे ती, इकडे तो. का? माझ्या एका बेडरूममध्ये तो पलंग आहे, ती खुर्ची आहे आणि ते टेबल आहे. तिन्ही लाकडाची, एकाच सुताराकडची. मी काय उत्तर देणार? ‘असंच असतं’ म्हणालो. ज्याला जन्मात कधी लिंग पाठ करावं लागलं नाही, त्याच्याकडे एवढंच उत्तर असतं आणि ते द्यायचा आवाज मात्र पाणिनीचा असतो.

त्यातून माघार घ्यायची म्हणून मी म्हणालो, बरं, तुम्ही मघाशी ‘मी चहा पिली’ म्हणालात, तेवढं तरी सुधारा. काय म्हणू, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, प्यायलो. बायको आतून म्हणाली, प्यालो. मुलगा म्हणाला, कोण बोलतं असं, पिलो. सासूबाईंनी जपमाळ थांबवून सांगितलं, चहा घेतला म्हणावं, पितात ती दारू. अर्धा तास आमच्या चौघांचं चाललं. शेजाऱ्यांनी शांतपणे चहा संपवला, कप खाली ठेवला आणि ते निघून गेले. कोणत्या क्रियापदानं, ते अजून ठरलेलं नाही.

जगाचं मी सांगणारच नाही. उन्हाळ्यात त्यांनी बैठकीत फार कळकळीनं मुद्दा मांडला, “जगात पाणी कमी होत आहे.” ज चा उच्चार जहाजातला न करता जिलबीतला केल्यामुळे सेक्रेटरीबाईंनी उठून टेबलावरचा जग भरून आणला.

कुणी म्हणेल, अहो, पण सांगितल्याशिवाय माणूस शिकणार कसा? शिकून काय होतं त्याचा इतिहास बघा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात उतरला. त्याला ‘किती छान बोलता हो’ म्हणून कुणी वेळेवर पोर्तुगीजकडे वळवलं नाही. परिणाम काय? त्यानं ख्रिस्ताचं पुराण मराठीत लिहिलं, दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि 1616 ला छापलंसुद्धा. मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला माणूस. त्याच्यासोबत शास्त्रीमंडळी बसली आणि शब्दाशब्दाला ‘असं नव्हे, असं’ म्हणत राहिली. त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, 1857 ला दुसरी आवृत्ती आली, आणि अजून आपण अडलो की तोच उघडतो. त्याच्या जोडीचा मेजर कँडी तर पुढे आपल्या शाळेच्या पुस्तकांचं मराठी तपासायला बसला. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठीत रुळवली ती त्यानं. विद्यार्थ्याच्या चुका काढत बसाल तर एक दिवस तो तुमच्या काढेल, याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

आणि तो दिवस फार वाईट असतो. माझ्यावर आला होता. फोनवर मी म्हणालो, “आपका आवाज नहीं आ रहा.” पलीकडून अगदी हळू उत्तर आलं, “आपकी आवाज, काका.” आता आवाज हा माझ्या बापजाद्यांपासून पुल्लिंगी आहे. हिंदीनं परस्पर त्याचं काय केलं त्याला मी जबाबदार नाही. चाळीस वर्षं मी ही हिंदी बोलतोय. रिक्षावाल्याला कळते, बँकेत कळते, दिल्लीच्या स्टेशनवर हमालाला कळली होती. (त्यानं पैसे जास्त घेतले, पण कळली होती.) मी म्हणालो, “समझ में आया ना? फिर?” आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात लिफ्टच्या पाटीचा ‘किलो’ मधला ल मला जरा तिरका बसवलेला दिसला.

शेवटी एका वाईट उदाहरणाबद्दल सांगून ठेवतो. आमच्या कोपऱ्यावर एक केळीवाल्या मावशी बसतात. त्यांना ना कौतुक करायची रीत माहीत, ना हिंदीत शिरायची. शेजारी गेले आणि म्हणाले, “मावशी, एक डझन केली द्या.”

“काय केली?”

“केली. ये वाली.”

“केळी म्हण.”

“केली.”

“जीभ वर ने. मागं वळव. ळ. केळी.”

मागे तीन गिऱ्हाईकं उभी. भर रस्त्यात, एवढ्या पगाराचा माणूस, आणि बाई केळ्यांवर हात ठेवून बसलेल्या. “म्हण, मग देते.” चौथ्या खेपेला ळ निघाला. मावशी म्हणाल्या, “आता कसं!” आणि पूर्ण पैसे घेतले. वर एक केळंसुद्धा दिलं नाही.

हे मला कुणी सांगितलं? त्यांनीच. अपमान झाला म्हणून नव्हे, छाती फुगवून, जिन्यात भेटेल त्याला थांबवून. मी घर सांगितलं तेव्हा आठ दिवस पाटी, आणि मावशींनी चारचौघांत जीभ वळवायला लावली तर मिरवणूक. मला वाईट वाटलं. मग विचार केला, मावशींना चुकीच्या जागी आदर मिळाला, त्याला आपण काय करणार. त्यांना सोसायटीत राहायचं नाही.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात शेजारी, हातात डझनभर केळी, चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलाचा आनंद.

“काका,” ते म्हणाले, “आता मळा सगळं कळळं! आता मी एकदम बरोबर बोळतो. ऐका, मी केळी आणळी, तुमच्यासाठी पण आणळी. बरोबर ना? चुकळं तर सांगा हं, बिनधास्त.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. केळ्यांकडे पाहिलं. मागे लिफ्टचं दार उघडं होतं आणि आतली पाटी इथूनही स्पष्ट वाचता येत होती.

“वा! किती छान बोलता हो,” मी म्हणालो. “आइए ना, चाय लेंगे?”